कार्बनला हात चारच

दहावीला विज्ञानात पंचाण्णवच्या वर मार्क पडलेल्या मुलाचं कार्बनबद्दल मत चांगलं असतं. विज्ञानाच्या पहिल्या भागातला ‘कार्बनी संयुगे’ हा धडा त्याने मन लावून केलेला असतो. मिथेन, इथेन, प्रोपेन असे एकेक कार्बन जोडत जायचे, क्रियात्मक गटांचा तक्ता पाठ करायचा, इथेनॉल आणि ॲसिटिक आम्लाची गाठ घालून द्यायची आणि पॉलिमरपाशी थांबायचं. प्रश्न ठरलेले, उत्तरं ठरलेली. मग निकाल लागतो, पेढे होतात, सायन्सला ॲडमिशन मिळते, क्लासची फी हप्त्यांत भरली जाते आणि अकरावीच्या मध्यावर केव्हातरी युनिट टेस्टचा पेपर हातात पडतो. केमिस्ट्री, पंचवीसपैकी नऊ.

घरी चौकशी बसते. “फिजिक्स बरं आहे, मॅथ्स ठीक आहे, मग हे काय?” मुलगा खाली बघून म्हणतो, “ऑरगॅनिक.” वडील गंभीरपणे मान हलवतात. त्यांना कळलेलं काहीच नसतं, पण ऑफिसातल्या सावंतांच्या मुलीचंही इथेच अडलं होतं, एवढं त्यांच्या कानावर असतं. आई विचारते, “पाठ करून होत नाही का रे?” हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो.

मोठ्या क्लासमध्ये केमिस्ट्रीला सर तीन असतात. फिजिकलचे सर कॅल्क्युलेटरशिवाय लॉग काढून दाखवतात, त्यामुळे त्यांचा दरारा असतो. इनऑरगॅनिकचे सर ‘हे असंच आहे, लिहून घ्या’ म्हणतात, त्यात निदान प्रामाणिकपणा असतो. ऑरगॅनिकचे सर चार रंगांचे मार्कर घेऊन येतात. काळ्याने सांगाडा, निळ्याने इलेक्ट्रॉन, लालने बाण आणि हिरव्याने चौकटीत ‘इम्पॉर्टंट’. तास संपतो तेव्हा बोर्ड इतका देखणा झालेला असतो की पुसायचं जिवावर येतं. मुलं पटापट मोबाईल काढून फोटो घेतात. हे फोटो पुढे दोन वर्षं गॅलरीत असतात, मावसभावाच्या लग्नाच्या फोटोंच्या मागेपुढे, आणि तितक्याच वेळा पाहिले जातात.

या विषयाला घाबरण्याची परंपरा तशी जुनी आणि मानाची आहे. फ्रीड्रिश व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८२८ मध्ये प्रयोगशाळेत युरिया तयार झाल्याचं जाहीर केलं. सजीवांच्या शरीरातले पदार्थ सजीवच बनवू शकतात, या समजुतीला त्याने धक्का दिला, आणि तोही मूत्रपिंडाची मदत न घेता, हे त्याने आपल्या गुरूला, बर्झेलियसला, मोठ्या मजेने कळवलं. आज तो युरिया पंचेचाळीस किलोच्या गोणीत भरून गावोगावच्या ओसरीवर पडलेला असतो. पण याच व्होलरने १८३५ मध्ये त्याच बर्झेलियसला लिहिलं, की ही ऑरगॅनिक केमिस्ट्री म्हणजे माणसाला वेड लावणारं घनदाट अरण्य आहे, आत शिरलं तर बाहेरची वाट दिसत नाही. तेव्हा बेंझिनची रचना कोणाला माहीत नव्हती, नेम्ड रिॲक्शन नव्हत्या, जेईई नव्हती आणि निगेटिव्ह मार्किंगही नव्हतं. विषयाचा पाया घालणाऱ्याची ही गत, तर पंचवीसपैकी नऊवाल्याला कोणी बोल लावू नये.

अरण्यात पहिलं पाऊल पडतं ते आयसोमरवर. अणू तेवढेच, जोडणी वेगळी. ब्युटेनचे दोन, पेंटेनचे तीन, हेक्झेनचे पाच. सर ‘हेक्झेनचे काढा’ म्हणतात तेव्हा कोणाचे तीन निघतात, कोणाचे आठ. आठवाला खुशीत असतो. सर त्याची वही घेतात, उलटी धरतात आणि दाखवतात की त्याचा दुसरा आणि सहावा एकच आहे. मिथिल डावीकडून दुसऱ्या कार्बनवर लावला काय आणि उजवीकडून दुसऱ्यावर लावला काय, तो दुसऱ्यावरच. साखळीचं टोक वर वाकवलं म्हणून नवीन पदार्थ होत नाही. “अरे, वही फिरवल्याने रसायन बदलत असतं तर कारखाने कशाला काढले असते?” वर्ग हसतो, आठवाला तीन खोडतो. मग सर पुढचे आकडे सांगतात. हेप्टेनचे नऊ, ऑक्टेनचे अठरा, दहा कार्बनच्या डेकेनचे पंचाहत्तर. वीस कार्बनचे ३,६६,३१९. तीस कार्बनच्या अल्केनचे चारशे अकरा कोटींहून जास्त. ही माहिती तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत, होमवर्क सांगण्याच्या अगदी आधी दिली जाते. त्या पाच मिनिटांत वर्गात विलक्षण शांतता असते.

मग एवढ्या सगळ्यांना नावं ठेवायची. नावं ठेवण्यात आपल्याकडे कोणी कमी नाही, पण इथे नियमाने ठेवायची असतात. १८९२ मध्ये जिनिव्हाला नऊ देशांचे रसायनशास्त्रज्ञ याच कामासाठी जमले होते. पुढे १९१९ मध्ये स्थापन झालेल्या आययूपॅक या आंतरराष्ट्रीय संघटनेने तो संसार हाती घेतला. सर्वांत लांब साखळी शोधा, आकडे अशा बाजूने घाला की फांदीला लहान आकडा मिळावा, फांद्यांची नावं अक्षरक्रमाने लावा. आरंभीच्या चार कार्बनांसाठी, म्हणजे मिथ, इथ, प्रोप आणि ब्युटसाठी ‘मामा इथे परवा बसले’ असं एखादं वाक्य मुलं तयार करतात आणि मामा जन्मभर लक्षात राहतात. डायकार्बोक्सिलिक ॲसिडांसाठी मात्र परदेशातून आलेलं सूत्र चालतं: ‘ओ माय, सच गुड ॲपल पाय’. ऑक्झॅलिक, मॅलोनिक, सक्सिनिक, ग्लुटारिक, ॲडिपिक, पिमेलिक. लातूरच्या हॉस्टेलवर रात्री साडेअकराला हे सूत्र घोकणाऱ्या मुलाने ॲपल पाय खाल्लेला नसतो, पाहिलेला नसतो, आणि पहाटे पाचला उठून पुन्हा तेच घोकताना त्याला भूक मात्र पोह्यांची लागलेली असते.

नियम पाठ झाले की कळतं, नियम करणाऱ्यांनीच काही जणांना सूट दिली आहे. शाळेत ‘ॲसिटिक ॲसिड’ हे बोलीभाषेतलं नाव आणि ‘इथेनॉइक ॲसिड’ हे आययूपॅक नाव, असं जोड्या लावा प्रश्नात लिहून घेतात. आययूपॅकच्या २०१३ च्या शिफारशींत पसंतीचं नाव म्हणून चक्क ‘ॲसिटिक ॲसिड’च दिलं आहे, आणि मिथेनॉइक ॲसिडऐवजी ‘फॉर्मिक ॲसिड’. परीक्षेत हा मुद्दा काढू नये. पेपर तपासणाऱ्याकडे मॉडेल आन्सर असतं आणि ते त्या शिफारशींच्या वरच्या कोर्टात बसतं.

आणि मग येतात नेम्ड रिॲक्शन.

बारावीच्या वर्षात पोराला जर्मन, फ्रेंच, रशियन आणि इंग्रज मिळून एवढ्या मृत गृहस्थांची ओळख होते की सख्ख्या चुलत्यांची नावं विसरायला होतात. वुर्ट्झ, फिटिग, स्वार्ट्स, फिंकेलस्टाइन, सँडमायर, विल्यमसन, रायमर आणि टीमान, हेल, व्होलहार्ड आणि झेलिन्स्की. नुसतं बेन्झाल्डिहाइड घ्या. टोल्युइनपासून क्रोमिल क्लोराइडने केलं तर एटार्ड. बेन्झॉइल क्लोराइडवर पॅलेडियम आणि हायड्रोजन वापरून केलं तर रोझेनमुंड. बेंझिनवर कार्बन मोनॉक्साइड आणि एचसीएल सोडून केलं तर गॅटरमान आणि कॉख. बेन्झोनायट्राइलपासून स्टॅनस क्लोराइडने केलं तर स्टीफन. चार वाटा, चार पाट्या, आणि ज्याने त्या पाठ केल्या त्याला परीक्षेच्या दिवशी एटार्डच्या घरी रोझेनमुंड राहताना दिसतो. एवढं करून हाती येतं काय, तर कडू बदामाचा वास येणारं एक तेलकट द्रव्य.

या मंडळींची माणूस म्हणून ओळख कोणी करून देत नाही, ही खरी हानी. कोल्बेचं उदाहरण बघण्यासारखं आहे. १८७४ मध्ये व्हॅन्ट हॉफ नावाच्या बावीस वर्षांच्या डच पोराने एक छोटी पुस्तिका काढली आणि म्हटलं, कार्बनचे चार बंध कागदावर काढतो तसे सपाट नसतात, चौफलकाच्या चार कोपऱ्यांकडे रोखलेले असतात. हर्मान कोल्बे तेव्हा जर्मनीतलं बडं प्रस्थ, एका प्रतिष्ठित रसायन नियतकालिकाचा संपादक. १८७७ मध्ये त्याने आपल्याच नियतकालिकात व्हॅन्ट हॉफवर असा काही लेख लिहिला, की आज सोशल मीडियावर चालणारं ट्रोलिंग त्यापुढे मवाळ वाटावं. हा इसम उट्रेख्टच्या पशुवैद्यकीय शाळेत नोकरीला आहे, त्याला नेमक्या संशोधनात गोडी नाही, कल्पनेच्या घोड्यावर बसून भरारी मारतो आहे, अशा थाटाचा तो मजकूर होता. १९०१ मध्ये रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल त्याच पशुवैद्यकीय शाळेवाल्याला मिळालं (वेगळ्या कामासाठी, पण मिळालं). कोल्बे तोवर हयात नव्हता. बारावीचा विद्यार्थी मात्र दोघांनाही सारख्याच निष्ठेने पाठ करतो: कार्बन चौफलकी आहे हे एका धड्यात, आणि फिनॉलपासून सॅलिसिलिक ॲसिड बनवणारी कोल्बे रिॲक्शन दुसऱ्यात. त्यांचं भांडण त्याच्या गावीही नसतं.

बोरोदिनची गोष्ट तर हॉस्टेलच्या भिंतीवर लावावी अशी. अल्डॉल रिॲक्शनच्या शोधात ज्यांचं नाव घेतात त्यांपैकी हा एक. सेंट पीटर्सबर्गला रसायनाचा प्राध्यापक, आणि उरलेल्या वेळात संगीतकार. ‘प्रिन्स इगोर’ हा ऑपेरा त्याने १८६९ मध्ये लिहायला घेतला आणि १८८७ मध्ये तो वारला तेव्हा काम अर्धवटच होतं. मित्रांनी ते पुरं केलं. जर्नल सबमिशनच्या आदल्या रात्री मित्राच्या वहीवरून आकृत्या उतरवणाऱ्याने एवढी माहिती जवळ ठेवायला हरकत नाही.

चौफलकी कार्बन सपाट कागदावर काढायचा म्हणजे आणखी एक कसरत. ठळक पाचर आपल्याकडे येणारी, तुटक रेषा मागे जाणारी. काही चांगले शिक्षक भिजवलेले वाटाणे आणि टूथपिक आणून मॉडेल करायला लावतात. मॉडेल होतात आणि मधल्या सुट्टीनंतर वाटाणे कमी भरतात. जेईईच्या बॅचला तर रेणू डावा की उजवा हेही ठरवावं लागतं. कान, इन्गोल्ड आणि प्रेलॉग यांचे नियम लावून चार गटांना क्रम द्यायचा, सर्वांत खालच्या क्रमाचा गट पलीकडे धरायचा आणि एक, दोन, तीन कोणत्या बाजूने फिरतात ते बघायचं. परीक्षा हॉलमध्ये त्या प्रश्नाला सगळी मुलं एकाच वेळी हवेत बोट फिरवू लागतात. नवख्या पर्यवेक्षकाला वाटतं, कॉपीच्या खुणा चालल्या आहेत.

हा डाव्या-उजव्याचा खटाटोप कशाला, असं विचारणाऱ्याने शेपूची आठवण करावी. बाळंतशोपा म्हणजे शेपूचं बी. त्यात कार्व्होन नावाचा पदार्थ असतो. स्पिअरमिंटच्या वासाच्या च्युइंगगममध्येही कार्व्होनच असतो. सूत्र तेच, जोडणी तीच, फक्त एक दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब. नाकाला मात्र तो फरक ताबडतोब कळतो. घरात शेपूची भाजी असली की बाहेर जेवून येणारा आणि खिशात मिंटची पाकिटं बाळगणारा मुलगा प्रत्यक्षात स्टिरिओकेमिस्ट्रीचा जाणकार असतो. त्याला हे कोणी सांगितलेलं नसतं एवढंच.

वासाचा विषय निघालाच आहे तर ऑरगॅनिकसारखा नाकाशी बोलणारा विषय दुसरा नाही. सॅलिसिलिक ॲसिड, मिथेनॉल आणि सल्फ्युरिक ॲसिडचे थेंब कोमट करा, लॅबमध्ये गुडघेदुखीच्या मलमाचा वास सुटतो, कारण मलमात तोच एस्टर असतो. आयसोअमाइल ॲसिटेटची बाटली उघडली की पिकलेली केळी. ब्युटिरिक ॲसिड म्हणजे तूप कढवायचं राहून गेलेलं शिळं लोणी. सहा, आठ आणि दहा कार्बनच्या आम्लांना कॅप्रोइक, कॅप्रिलिक, कॅप्रिक ही नावं बकरीवरून पडली आहेत, आणि बाटली उघडणाऱ्याला त्याचं कारण वेगळं सांगावं लागत नाही. पाठांतराला बसलेला विद्यार्थी हीच नावं कागदावरून वाचतो. कागदाला वास नसतो.

प्रॅक्टिकलला मात्र विषय जरा माणसात येतो. बोर्डाचे तीस मार्क, बाहेरून आलेले एक्झामिनर, नव्या ॲप्रनच्या न मोडलेल्या घड्या. टॉलेन्स टेस्ट करायची असते. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात सोडिअम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की तपकिरी गाळ पडतो. मग अमोनिया थेंब थेंब घालत गाळ नुकता विरघळेपर्यंत जायचं, त्याच्या पुढे नाही. त्यात दिलेला पदार्थ घालून परीक्षानळी गरम पाण्यात उभी ठेवायची आणि हलवायची नाही. इथेच घात होतो, कारण सतरा वर्षांच्या मुलाच्या हातात परीक्षानळी देऊन तिला हलवू नकोस असं सांगणं म्हणजे निसर्गाच्या विरुद्ध जाणं. जो शांत राहतो त्याच्या नळीच्या आत, तळापासून वर, चांदीचा पातळ थर चढत येतो. नळीत स्वतःचा चेहरा दिसतो, जरा रुंद, पण दिसतो. ज्याची नळी नीट धुतलेली नव्हती तिच्यात काळा चिखल होतो. हा मुलगा मग शेजारच्याच्या नळीकडे असा बघतो की त्यात रसायनापेक्षा मत्सर जास्त असतो. दोघांच्याही बोटांवर सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग उमटलेले असतात, आणि ते साबणाने जात नाहीत, आपोआपच उडावे लागतात.

लॅबमधले मामा हे या परीक्षेतलं सर्वांत जाणतं व्यक्तिमत्त्व. बाटल्या भरून ठेवणारे तेच, म्हणून कोणाला काय दिलंय हे त्यांना ठाऊक.

“मामा, माझ्या पुडीत काय आहे?”

“मला काय विचारतो बाळा? टेस्ट कर.”

“मामा, प्लीज.”

मामा ट्रे उचलून जाता जाता म्हणतात, “जरा गोड बोलत जावं माणसाने.”

मुलगा थेट टॉलेन्सकडे वळतो आणि वहीत ‘ग्लुकोज’ लिहितो. आरसाही पडतो. व्हायव्हाला एक्झामिनर विचारतात, “टॉलेन्स रिएजंट ताजंच का करायचं? उरलेलं बाटलीत भरून का ठेवायचं नाही?” मुलगा म्हणतो, “सर, कालचा प्रयोग आज चालत नाही.” उत्तर भावार्थाने बरोबर आहे. खरं कारण हे, की ते ठेवलं तर त्यात स्फोटक संयुगं तयार होतात. मामा दारात उभे राहून बेसिनकडे बोट दाखवतात. त्यांनी ते वीस वर्षं ओतून दिलेलं असतं.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे. पाठ करून होत नाही का? थोडंसं होतं, आणि म्हणूनच फसगत होते. शंभर रिॲक्शन पाठ होतात, एकशे एकावी पेपरात येते. नीटला केमिस्ट्रीचे पंचेचाळीस प्रश्न असतात, बरोबरला चार आणि चुकीला वजा एक, आणि पेपर काढणाऱ्याला त्या शंभरांत रस नसतो. या सगळ्या नावांच्या खाली एकच गोष्ट चाललेली असते: इलेक्ट्रॉन जिथे जास्त आहेत तिथून ते जिथे कमी आहेत तिथे जातात. हे दाखवण्यासाठी वाकडा बाण वापरतात. १९२२ च्या सुमारास रॉबर्ट रॉबिन्सन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने तो रूढ केला. बाण इलेक्ट्रॉनच्या जोडीपासून किंवा बंधापासून निघतो. विद्यार्थी तो एच प्लसपासून काढतात. एच प्लसकडे एकही इलेक्ट्रॉन नसतो. दिवाळखोराने देणगी दिल्याची ही पावती पेपर तपासणाऱ्याला दरवर्षी गठ्ठ्यागणिक भेटते, आणि तिच्याच खाली पाच बंध असलेला कार्बन.

मुंबईतले सर हे लोकलवरून शिकवतात आणि त्याइतकं चांगलं कोणी शिकवत नाही. कार्बनच्या बाकावर जागा चार, पाचवा बसत नाही. बसलेल्यांपैकी जो उतरू शकतो तो लीव्हिंग ग्रुप, उभा असलेला न्यूक्लिओफाइल. प्रायमरी कार्बनभोवती गर्दी नसते; तिथे उभा असलेला मागच्या बाजूने रेटा देतो आणि बसलेला त्याच क्षणी पुढून उठतो. ही एसएन टू. टर्शरी कार्बनला तीन धिप्पाड शेजारी चिकटलेले. मागून शिरायला फटच नाही. मग वाट बघायची. बसलेला आपणहून उतरला, जागा रिकामी झाली, की खिडकीकडून या नाहीतर दाराकडून या. ही एसएन वन, आणि दोन्हीकडून बसता येतं म्हणून डावा-उजवा माल मिसळून निघतो. आयोडाइड दादरलाच उठतो. फ्लोराइड कसाऱ्यापर्यंत हलत नाही. हायड्रॉक्साइड तर मुळीच उठणाऱ्यांतला नाही, पण ॲसिडने त्याच्या हातावर एक प्रोटॉन ठेवला की पाणी होऊन निमूटपणे उतरतो. गडचिरोलीहून आलेल्या मुलाने लोकल पाहिलेली नसली तर सर त्याला एसटी सांगतात. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याला ऑरगॅनिकमध्ये काय म्हणतात, असा प्रश्न त्याने विचारला की तास संपतो.

मार्कोव्हनिकोव्हचा नियमही पाठ करण्याची वस्तू नाही. दुहेरी बंधातल्या ज्या कार्बनवर आधीच हायड्रोजन जास्त, त्याच्याच पदरात नवा हायड्रोजन पडतो; ‘असेल त्याच्याच घरी जातं’ असं म्हणून मुलं हे लगेच लक्षात ठेवतात, कारण जगाचा अनुभव त्यांना अकरावीपर्यंत आलेला असतो. पण का पडतो? कारण त्या वाटेने मधे जो धनभारित कार्बन तयार होतो तो जास्त टिकाऊ. एवढं ‘का’ कळलं की पेरॉक्साइड टाकल्यावर एचबीआर उलटा का लागतो हेही कळतं. कराश आणि मेयो यांनी १९३३ मध्ये तो गुंता सोडवला, तोवर जाणत्या रसायनशास्त्रज्ञांनाही एकाच प्रयोगाची दोन उत्तरं मिळत होती, आणि दोष निघाला हवेत राहिलेल्या बाटलीत साचलेल्या पेरॉक्साइडचा. वाटच बदलते, धनभाराऐवजी फ्री रॅडिकल येतो. फक्त पाठ करणाऱ्याकडे मात्र ‘पेरॉक्साइड दिसलं की उलटं’ एवढंच असतं, आणि पेपरात एचसीएल देऊन त्याला बरोबर गाठतात. तिथे उलटं होत नाही.

आपल्याकडे चूक इथे होते. आधी नावं, मग रिॲक्शन, वेळ उरला तर बाण. वेळ उरत नाही. पोर्शन संपवायचा असतो, रिव्हिजन बॅच सुरू करायची असते, आणि बाण चाचणीत थेट विचारत नाहीत. उलट क्रमाने शिकवलं तर पहिले दोन महिने जड जातात आणि पालक क्लास बदलतात.

बारावीच्या नेम्ड रिॲक्शनच्या यादीत भारतीय आडनाव शोधून सापडत नाही. एक आहे, पण ते एमएस्सीच्या दारापलीकडे: बेकर-व्यंकटरामन पुनर्रचना. के. व्यंकटरामन यांनी मँचेस्टरला त्याच वाकड्या बाणाच्या रॉबिन्सनच्या हाताखाली काम केलं, लाहोरला असताना १९३० च्या दशकात ही रिॲक्शन दाखवली, मग मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात, म्हणजे यूडीसीटीत, आले आणि १९३८ मध्ये त्याचे पहिले भारतीय संचालक झाले. १९५७ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचेही ते पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्या रिॲक्शनमध्ये बेस एक प्रोटॉन काढून घेतो, त्या जागचे इलेक्ट्रॉन त्याच रेणूतल्या एस्टरच्या कार्बनवर जाऊन बसतात आणि ॲसाइल गट ऑक्सिजनवरून कार्बनवर येतो. फुलांना पिवळा रंग देणाऱ्या फ्लेव्होन वर्गातली संयुगं बनवायला ती वापरतात. बाण काढायला शिकलेला बारावीचा विद्यार्थी, हे नाव कधीही न ऐकता, ती पाच मिनिटांत कागदावर सोडवू शकतो. पाठांतरवाला एमएस्सीलाही ती नव्याने पाठ करतो. तेव्हा ज्यांच्या घरी यंदा अकरावी आहे त्यांनी पोराला महिनाभर नावं विचारू नयेत. कागद द्यावा, पेन्सिल द्यावी, आणि बाण एच प्लसपासून निघालेला दिसला तर तेवढा खोडायला लावावा.